श्वासाचा आकडा

१

"चावी द्या, मावशी."

"नाही."

"मग कारण तरी सांगा."

"कारण कशास पाहिजे? माझं घर आहे."

"घर तुमचं. खोली तुमची, पेटी तुमची, आकडेही तुमचेच. मूच्चु, ही धाप, तेवढी माझ्या पोरीस लागलीय," भुवना म्हणाली. तिच्या एका खांद्यावर गुंडाळलेली गादी होती आणि दुसऱ्या हाताला साईप्रिया लटकली होती. पाच वर्षांची पोर. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी वाफ सुसकारते ना, तसा तिच्या छातीतून आवाज येत होता.

भुवना माझ्या बहिणीची, कमळाची, सून, कुंभकोणची. एकदा बोलायला लागली की मागे हटत नाही. म्हणून मला ती आवडते, आणि म्हणूनच त्या दुपारी ती मला समोर नको होती.

माझ्या पाठीला दार होतं, कमळाच्या खोलीचं. कुलूप मी लावलेलं, चावी माझ्या कमरेला. तिरुवैयारूच्या रस्त्याकडची भातकापणी उरकली होती आणि उरलेला पेंढा लोक शेतातच पेटवत होते. तीन दिवस धूर गावावर बसून होता. दुपारी साडेबारा वाजता समोरच्या घराचा रंग ओळखू येत नव्हता.

"ह्या घरात सगळ्यात चोख हवा कुठल्या खोलीत?" भुवनानं विचारलं. "भिंतीवर कुणी लिहून ठेवलंय?"

मीच लिहून ठेवलं होतं, खडूनं, हवेतल्या धुळीचे आकडे. हॉल एकशे चाळीस. माझी खोली नव्वद. कमळाची खोली तीन.

"तीन," ती म्हणाली. "आकडे मज वाचता येतात, मावशी."

२

मी हिराबाई. चौथीत शाळा सुटली, ती परत धरली नाही. तंजावुरात, कीळवासलच्या बाजारात चाळीस वर्षं पंख्यांच्या आणि ग्राइंडरच्या जळक्या मोटारी उघडून त्यांना नवी तार गुंडाळली. बाईचं दुकान म्हणून हसून गेलेले लोक आठवडाभरानं तीच मोटर घेऊन माझ्याकडे यायचे. देवनागरी मी पन्नाशीत, पंचांग पुढ्यात घेऊन, एकटीनं शिकले. घरात बोलतो आम्ही मराठी, वाचतात सगळे तमिळ. त्यामुळे हे लिहिलेलं घरात कुणी वाचणार नाही.

हवा चोख करायचं यंत्रही मी कुणाकडून शिकले नाही. दुकानात एकानं दुरुस्तीला आणलं होतं. पंधरा हजारांची वस्तू. उघडली तर आत एक पंखा आणि घड्या घातलेली एक गाळणी, बाकी सगळं प्लास्टिक आणि निळा दिवा. मला हसू आलं. कोइंबतूरच्या गिरण्यांना हवेच्या गाळण्या पुरवणारा एक माणूस शोधला, चार मागवल्या. चारही उभ्या करून त्यांच्या चार भिंती केल्या. खाली प्लायवूड, वर स्वयंपाकघरातला बारा इंची एक्झॉस्ट पंखा, तोंड आभाळाकडे. सगळे सांधे ब्राउन टेपनं बंद. चारी अंगांनी हवा आत ओढायची, वरून चोख करून सोडायची. सगळी पेटी मिळून अडीच हजारांत झाली.

ह्यात एकच अक्कल लागते. कुठं फट राहिली की हवा आळशी माणसासारखी फटीतून जाते, गाळणीतून जात नाही. म्हणून नियम एकच: फट ठेवायची नाही.

तोच नियम मी खोलीला लावला.

३

कमळाक्षी माझ्याहून चार वर्षांनी लहान. लग्नांच्या जेवणावळींत तीस वर्षं ती लाकडाच्या चुलीपुढे उभी राहिली. शंभर पानांची आमटी ती नुसत्या वासावरून सांगायची, मीठ पडलं की नाही ते. त्याच चुलींनी तिची छाती खाल्ली. नवरा आधीच गेलेला, मुलगा सतीशकुमार नोकरीला सेलमला. ती माझ्याकडे राहायला आली.

धूर आणि धूळ नको, एवढं डॉक्टरांनी सांगितलं. मग मी कामाला लागले. उदबत्ती बंद. डासांची कॉइल बंद. दर शुक्रवारी न्हाऊन ओल्या केसांना सांब्राणीचा धूर घ्यायचा हे तिचं लहानपणापासूनचं. मी धुळीचं मीटर तिच्यासमोर धरलं. आकडा सहाशेवर गेला. तिनं धुपाटणं मुकाट्यानं पलंगाखाली सरकवलं.

पोंगल झाला, सांबा भात कापून झालं, पेंढा पेटायला लागला. मी तिच्या खोलीतल्या खिडकीच्या सरकत्या काचा ओढल्या आणि चारी कडांना टेप लावली. दाराखाली जुनं लुगडं कोंबलं. पेटी रात्रंदिवस चालू. बाहेर तीनशे असताना आत तीन. शेजारचे राजगोपाल बघायला आले. मी त्यांना आकडा दाखवला. ते म्हणाले, हिराबाई, तुम्ही कॉलेजात असायला हवं होतं.

कमळा पलंगावर उशांना टेकून बसलेली असायची, खिडकीकडे तोंड करून. तिला आडवं होता यायचं नाही.

"अक्का, जरा खिडकी."

"तीन आहे, कमळा. कोडैकानलच्या डोंगरावरसुद्धा तीन नसतो."

"आकडा बरा आहे, अक्का. हवा नाही."

मी हे वाक्य राजगोपालांना विनोद म्हणून सांगितलं होतं.

मासी महिन्यात, फेब्रुवारीअखेर, एका दुपारी ती गेली. डॉक्टर म्हणाले, फुप्फुस संपलेलंच होतं, कशानंही फरक पडला नसता. हे वाक्य मी रोज एकदा मनाशी म्हणते. ती गेली तेव्हा मीटरवर दोन होता. मला त्याचाही अभिमान वाटला होता, हेही इथं लिहून ठेवते.

४

शततारका नक्षत्रावर गेली. आमच्याकडे असं कुणी गेलं की ती खोली सहा महिने बंद ठेवतात, संध्याकाळी उंबऱ्याशी दिवा लावतात. मी असलं मानणारी बाई नाही. पण त्या खोलीत जायचं नव्हतं, आणि न जाण्याला शास्त्राचं कारण मिळत होतं, म्हणून मी मान डोलावली.

पौरोहित्य करणारे सीतारामराव जाताना म्हणाले, "खोली बंद ठेवा, पण खिडकीची एक फट उघडी असू द्या."

"फट ठेवली की धूर येतो, शास्त्री."

"आता आत कुणास त्रास व्हायचाय, हिराबाई?"

मी फट ठेवली नाही. पेटी बंद केली, दार ओढून घेतलं. खिडकीवरची टेप तशीच राहिली. एकावर एक दोन थर. पहिल्याचा डिंक सुकला म्हणून मी वरून दुसरा लावला होता.

जूनमध्ये सतीशची बदली तंजावुरास झाली. तो, भुवना आणि पोर माझ्याकडे आले. हॉलमध्ये झोपायचे. पोरीला सर्दी झाली की छाती वाजते, हे तेव्हा कळलं. मी भुवनाला म्हटलं, आवणी महिना संपू दे, सहा महिने पुरे होऊ देत, मग तिच्यासाठी अशी खोली करून देते की मूच्चु काय ते विसरेल.

नवीन काही निघालंय का बघावं म्हणून मी फोनवर पुन्हा व्हिडिओ बघायला बसले. एक माणूस माझ्यासारखीच पेटी बनवत होता. बनवता बनवता सहज बोलून गेला की ही पेटी धूळ धरते, धूर धरते, पण माणसानं सोडलेली हवा धरत नाही. बंद खोलीत ती साचत जाते. छातीच्या आजारी माणसाचा जीव गुदमरतो. तिला बाहेर काढायला खिडकीच लागते.

मी व्हिडिओ थांबवला. मागे नेला. पुन्हा ऐकला. तीनदा.

मग तो माणूस वापरत होता तसलं मीटर मागवलं. त्यात दोन आकडे दिसतात. एक धुळीचा. दुसरा आपल्या उच्छ्वासातल्या वायूचा, कार्बन डायऑक्साइडचा. मी त्याला श्वासाचा आकडा म्हणते. उघड्यावर तो चारशे वीसच्या आसपास असतो. बंद खोलीत माणूस बसलं की चढतो. माणूस उठून गेलं की हळूहळू उतरतो. चढवायला माणूसच लागतं.

५

सहा महिने भरले त्या दिवशी मी दार उघडलं. कोंदट वास येईल अशी तयारी ठेवली होती. तसा वास नव्हता. कुणी नुकतंच उठून गेलेल्या खोलीत असते, तशी उबदार हवा होती. मी खोली झाडली, पुसली, गाळण्या बदलल्या, पेटी चालू केली. मीटर पलंगावर ठेवलं आणि दार ओढून घेतलं.

सकाळी बघितलं. धूळ तीन. श्वास एक हजार तीनशे ऐंशी.

नवीन वस्तू, बिघडलेली असेल. मी मीटर गच्चीवर नेलं. चारशे एकवीस. हॉलमध्ये तिघं झोपलेली होती तिथं ठेवलं, बरोबर चढलं. कमळाच्या खोलीत परत नेलं. एक हजार चारशे.

भिंतीपलीकडे स्वयंपाकघर. तिथं दोशाचं पीठ आंबत ठेवलेलं असतं, आणि आंबणारं पीठही हाच वायू सोडतं. मला हे आठवलं तेव्हा मी स्वतःवर खूश झाले. पातेलं उचलून गच्चीवर नेऊन ठेवलं. भुवना म्हणाली, "मावशी, पिठास हवापालट कशास?" मी म्हटलं, तुज काय कळतंय.

सकाळी आकडा तोच.

गॅसची नळी साबणाच्या फेसानं तपासली. पलंगाखाली उंदीर मेलाय का बघितलं. धुपाटणं तेवढं होतं, राख वाळलेली. कुणी चोरून आत येतंय का म्हणून दाराच्या आत रांगोळीची पूड पसरली. पूड जशीच्या तशी राहिली.

मग मी मोजमाप केलं, कारण मोजल्याशिवाय मी कुणाचं ऐकत नाही, स्वतःचंही नाही. माझ्या खोलीच्या झडपांत कापडं कोंबली आणि एक तास आत बसले. माझी खोली आणि तिची खोली एकाच मापाची. तासात आकडा पावणेपाचशेनं चढला. एक म्हातारी, वजन अठ्ठावन्न किलो, ताशी पावणेपाचशे.

दुसऱ्या दुपारी कमळाच्या खोलीची टेप काढली, काचा उघडल्या. आकडा चारशे वीसवर आला. मग काचा ओढल्या, नवी टेप न आणता तीच दुहेरी पट्टी दाबून बसवली, आणि बाहेर हॉलमध्ये बसले. एका तासानं दार उघडून बघितलं.

तीनशेनं चढला होता.

म्हणजे पीठ नाही, उंदीर नाही. ठरावीक वेळात ठरावीक चढ. माझ्याहून बारीक अंगाचं कुणीतरी, एका जागी बसलेलं. शेवटी शेवटी कमळाचं वजन किती होतं ते मला पाठ आहे. भागाकार मला येतो. मी तो केला नाही.

भिंतीवर मी खडूनं फक्त धुळीचा आकडा लिहिला. कमळाची खोली, तीन. दुसरा लिहिला नाही.

६

कुरुवैची, पावसाळी भाताची, कापणी आली, धूर आला. मी एका सकाळी पेन्शनचा दाखला द्यायला बँकेत गेले. परत यायला दीड वाजला. हॉलमध्ये भुवना टोमॅटो चिरत बसली होती.

"पोर कुठंय? कण्णू?"

"झोपलीय. तुमच्या तीनमध्ये."

मी चप्पल न काढता गेले. दाराखाली लुगडं नीट कोंबलेलं होतं. पेटी घुमत होती. पोर कमळाच्या पलंगावर बसलेली होती, उशांना टेकून, खिडकीकडे तोंड करून. तिला कुणी असं बसायला शिकवलं नव्हतं. तिचे ओठ जांभळट दिसत होते. मीटरवर धूळ तीन आणि श्वास दोन हजार दोनशे.

मी तिला उचलून गच्चीवर नेलं. धूर होता, तरी नेलं. पंपाचे दोन दाब दिले. भुवना मागून ओरडत आली, धुरात कशास नेताय. पण थोड्या वेळानं पोरीचे ओठ पुन्हा गुलाबी झाले.

"किती वाजता निजवलीस?"

"साडेबारास."

एक तास. माझ्यासारखी म्हातारी तासाला पावणेपाचशे. पाच वर्षांची पोर त्याहून कमीच. चारशे वीसपासून दोन हजार दोनशे. मी बोटांवर मोजलं, परत मोजलं. रात्रभर साचलेलं धरलं तर बसत होतं हिशेबात. धरायचं ठरवलं.

संध्याकाळी हात धुताना पोरीच्या नखांत तपकिरी काहीतरी दिसलं. चिकट. टेपचा डिंक. खोबरेल तेलाचं बोट लावून मी तो काढला. खोबरेलानं निघतो. मला माहीत होतं.

"खिडकीची टेप काढत होतीस, कण्णू?"

"खालची."

"कशास?"

तिनं खांदे उडवले. "वरच्या कोपऱ्याला माझा हात पुरत नाही," ती म्हणाली, आणि ते खरं होतं.

मी जाऊन बघितलं. खालची पट्टी पोरीनं बोटभर उचकटली होती. आणि वरचा कोपरा, जिथं उभ्या बाईचाच हात पोचेल, तोही उचकटलेला होता.

७

दुसऱ्या दिवशी दुपारी, सतीश ऑफिसात, भुवना पोरीला घेऊन दवाखान्यात. मी मीटर हातात घेऊन त्या खोलीत शिरले आणि दार लावून घेतलं. भुताबिताला शोधायला नाही. गळती शोधायला. गॅसची गळती मी अशीच शोधते, मीटर पुढे धरून, हात हातावर सरकत.

पेटी बंद केली, म्हणजे हवा ढवळली जाणार नाही. पंख्याची पाती थांबली. खोलीत इतकं शांत झालं की माझ्याच कानातलं रक्त ऐकू येत होतं.

दाराशी नऊशे. पेटीजवळ नऊशे दहा. पलंगाखाली नऊशे. उशीजवळ हजार. मी खिडकीकडे सरकले. हजार तीनशे. अजून एक पाऊल. मीटर काचेच्या सांध्याशी नेलं, टेप जिथं उचकटली होती तिथं, माझ्या हनुवटीच्या उंचीवर.

दोन हजार चारशे. दोन हजार नऊशे.

मीटरच्या तोंडावर कुणी फुंकर घातली की असा आकडा उडतो. मी स्वतः घालून बघितलेली आहे.

हा माझाच श्वास, मी म्हटलं. मीच तर उभी आहे मीटरपाशी. म्हणून मी मीटर पलंगावर ठेवलं, तोंड मिटलं, नाक दाबलं आणि काचेकडे बघत मनात आकडे मोजायला लागले.

तंजावुरात काचेवर बाष्प धरत नाही. थंडीतही नाही. आणि हा तर ऐप्पसीचा, ऑक्टोबरचा उकाडा.

काचेवर, आतल्या बाजूनं, सांध्याच्या अगदी लगत, लिंबाएवढा धुरकट डाग होता. मी सात मोजले तोवर तो आटत आटत नाण्याएवढा झाला. मग पसरला. मग आटला. मग पसरला. मध्ये अंतर होतं, आणि ते अंतर मला माहीत होतं. आत घेतलेला श्वास ओठांचा चंबू करून, फुंकल्यासारखा हळू सोडायचा, दवाखान्यात शिकवतात तसा. मीच तिला करून दाखवायची. अक्का मोजेल, तू सोड, असं म्हणायची.

एकोणीसला माझा श्वास सुटला. तोवर तो डाग दोनदा पसरला होता.

मी टेप ओढून काढली. दोन्ही थर एकदम, नखांनी. काचा सरकवल्या. धूर भसकन आत आला आणि मी तो छाती भरून घेतला. माझ्या खांद्याजवळून काही पुढे सरकलं की ते बाहेरून आलेलं वारं होतं, ते मला सांगता येणार नाही. मागे वळून बघायला मान वळली नाही, एवढं खरं.

संध्याकाळपर्यंत मी खिडकी उघडी ठेवली आणि हॉलमध्ये बसले. भुवना परत आली, खोकत खोकत घरभर धूर कुठून आला म्हणून बघत सुटली. सतीश आला. त्या खोलीत गेला, काचा ओढल्या, आणि चारी कडांना नवी टेप लावून, चमच्यानं घासून पक्की बसवून बाहेर आला.

"बघा मावशी," तो म्हणाला. "फट नाही ठेवली. तुमचाच शिष्य."

तो झोपल्यावर मी आत गेले नाही. उजाडल्यावरही गेले नाही. बाहेरून कुलूप लावलं.

८

"माझी खोली घे," मी भुवनाला म्हटलं. "पेटी तिथं लावून देते."

"तुमच्या खोलीस झडपा आहेत. पेटी लावून नव्वद. भिंतीवर तुम्हीच लिहिलंत."

"झडपा बुजवते."

"आणि पेटी कुठंय? ह्या कुलपात. कुणाच्या कामास? मावशी, अत्ते गेल्या, सासू होत्या माझ्या, मज वाईट वाटलं. त्यांच्या हाताखाली मी आमटी शिकले. पण त्यांच्या खोलीचं देवघर करून काय होणार? डॉक्टर काय म्हणाले सांगू? धुरापासून लांब ठेवा, नाहीतर ॲडमिट करावं लागेल. आणि घरात अशी खोली आहे, अन् तुम्ही दारास पाठ लावून उभ्या."

"त्या दिवशी तिथंच तिचे ओठ निळे जाले."

"निळे जाले कारण तुम्ही तिला धुरात नेलंत."

"आधी जाले, भुवना."

"कुणी बघितलं आधी? तुम्ही. सगळं तुम्हीच बघता, तुम्हीच मोजता. आम्ही अडाणी." तिनं गादी खांद्यावरून खाली टाकली. "सरी, असू दे. चावी नको. मी चालले कुंभकोणास, आईकडे. पोरीस घेऊन. सतीशला फोन करते, तो संध्याकाळी येऊन कपडे घेऊन जाईल. तुम्ही राहा इथं, तुमची पेटी अन् तुमचे आकडे घेऊन."

पोर दोघींच्या मध्ये उभी होती. तिनं माझ्या लुगड्याचा पदर धरला, मग सोडला. सुसकारा आत, सुसकारा बाहेर. पलीकडे, माझ्या पाठीमागच्या दारातून, पेटी घुमत होती. मी कुलूप लावलं तेव्हा ती बंद होती की चालू, ते मला आठवेना.

मी काय सांगू शकत होते? पिठाचं पातेलं, ताशी तीनशे, लिंबाएवढा डाग. भुवना हसली नसती. तिनं माझ्याकडे म्हातारीकडे बघतात तसं बघितलं असतं, आणि मग गेली असती. किंवा न जाता कुलूप फोडून गादी आत टाकली असती, आणि दाराखाली लुगडं नीट कोंबलं असतं. कारण मीच सगळ्यांना शिकवलं होतं.

"एकच कारण सांगा," ती म्हणाली. "खरं. मोजलेलं नको. मी गादी उचलून मुकाट्यानं हॉलमध्ये टाकते."

माझा हात कमरेच्या चावीवर होता. अंगठ्याच्या नखात अजून सतीशच्या टेपच्या आधीच्या, मी ओढून काढलेल्या त्या दोन थरांचा डिंक होता. खोबरेल तेल लावून घासलं होतं, तरी थोडा राहिला होता. कमळाला शेवटचं न्हाऊ घालताना तिच्या उजव्या अंगठ्याच्या नखातला मात्र मी सगळा काढला होता, बायका यायच्या आत.

"खिडकीवर दोन थर होते टेपचे," मी म्हटलं.

"ठाऊक आहे. डिंक सुकला म्हणून दुसरा लावलात. शंभरदा सांगितलंत."

"डिंक सुकला नव्हता."

पोरीचा सुसकारा तेवढा ऐकू येत होता, आणि माझ्या पाठीशी, लाकडाच्या अगदी जवळ, त्याच्याशी ताल धरून, दुसरा.

मी म्हटलं, "मरायच्या आदल्या दिवशी कमळानं उभं राहून ती टेप नखानं काढली होती, आणि ती माझ्याकडे बघत असताना मी त्यावर दुसरी लावली."